बहुमत, एकमत आणि धम्मकम्म : विनयपिटकातील सभापरिभाषेचा फेरविचार

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत केलेल्या समारोपाच्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भिक्खुसंघाचा उल्लेख केला, ही गोष्ट आमच्या वाचकांस सुपरिचित आहे. संसद आणि संसदीय कार्यपद्धती भारताला अज्ञात नव्हती. भिक्खुसंघ या एक प्रकारे संसदाच होत्या. आसनव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, प्रतोद, मतगणना, गुप्त मतदान, निंदाव्यंजक ठराव, नियमितीकरण, पूर्वन्याय यांविषयीचे नियम संघाला ठाऊक होते व संघ ते पाळीत असे, असे त्यांनी तेथे प्रतिपादन केले. ही लोकशाही व्यवस्था भारताने एकदा गमावली, ती दुसऱ्यांदा गमावली जाणार काय, हा प्रश्नही त्यांनी लगेच पुढे विचारला. दुसऱ्या दिवशी, २६ नोव्हेंबर रोजी, संविधान स्वीकृत झाले.

या भाषणातील यादी आपण अभिमानाने उद्धृत करतो, आणि तो अभिमान अनाठायी नाही. परंतु यादी उच्चारणे आणि यादीतील प्रत्येक शब्दामागे असलेले तत्त्व समजून घेणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. ‘गणपूर्ती’ हा शब्द विनयपिटकात सापडतो एवढ्याने काही सिद्ध होत नाही. त्या नियमाने कोणाचे रक्षण होत असे आणि कोणाचा हात अडविला जात असे, हे पाहिले पाहिजे. प्रस्तुत लेखात आम्ही विनयातील सभापरिभाषेचा या दृष्टीने विचार करणार आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, बहुमताचे राज्य हा या परिभाषेचा गाभा नसून, संख्येने बलवान असलेल्यांनाही जे करता येणार नाही त्याची मर्यादा हा तिचा गाभा आहे. संविधानात्मक शासनाचा गाभाही याहून वेगळा नाही.

उगमाचा प्रश्न

प्रथम एका ऐतिहासिक प्रश्नाचा निर्देश केला पाहिजे. संघाची कार्यपद्धती तत्कालीन गणराज्यांच्या सभांवरून घेतली असावी, हे मत काशीप्रसाद जायसवाल यांनी १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हिंदू पॉलिटी’ या ग्रंथात विस्ताराने मांडले. बाबासाहेबांनीही आपल्या भाषणात हे नियम बुद्धांनी तत्कालीन राजकीय सभांकडून घेतले असावेत, असे म्हटले आहे. हे अनुमान सयुक्तिक आहे. भगवान बुद्धांचा जन्म शाक्यांच्या गणात झाला आणि वज्जी, मल्ल इत्यादी गण त्यांच्या चारिकेच्या प्रदेशातच नांदत होते. महापरिनिब्बान सुत्तात मगधराज अजातशत्रूचा महामात्य वस्सकार ब्राह्मण गृध्रकूटावर येतो, तेव्हा वज्जींच्या सात अपरिहानीय धर्मांची, म्हणजे ऱ्हास होऊ न देणाऱ्या आचारांची, चर्चा होते. वारंवार एकत्र जमणे, एकोप्याने जमून एकोप्याने उठणे आणि परंपरेने चालत आलेल्या विधिनियमांचा उच्छेद न करणे हे त्यांतील पहिले तीन होत. वस्सकार निघून गेल्यावर भगवान त्याच धर्तीचे सात नियम भिक्खूंना सांगतात. गण आणि संघ यांतील संबंधाचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल.

तथापि वज्जींच्या संथागारात प्रस्ताव कसा मांडला जाई, मते कशी मोजली जात, याचे तपशीलवार वर्णन आपल्यापाशी नाही. तपशील आहे तो विनयपिटकाचा. म्हणून विनयावरून गणांविषयी अनुमान करावे, परंतु अनुमानाला प्रत्यक्षाची जागा देऊ नये. आम्ही येथे विनयापुरतेच बोलू.

कस्सपगोत्त भिक्खूचा प्रसंग

महावग्गाच्या चम्पेय्यक्खन्धकाचा आरंभ एका साध्या प्रसंगाने होतो. काशी जनपदातील वासभगाम येथे कस्सपगोत्त नावाचा निवासी भिक्खू राहत होता. येणाऱ्या भिक्खूंची सोय लागावी याविषयी तो दक्ष असे. एकदा काही आगंतुक भिक्खू तेथे आले. कस्सपगोत्ताने आसन, पाणी, यागू, भोजन यांची सर्व व्यवस्था केली. पुढे त्यांना गावाची माहिती झाली, थकवा गेला. आता परक्या घरांकडे त्यांच्यासाठी सतत याचना करीत राहणे बरे नव्हे, असे वाटून त्याने ती खटपट थांबविली. आगंतुकांना याचा राग आला. त्यांनी त्याच्यावर दोष ठेवला. आपल्या हातून दोष घडल्याचे त्याला मान्य नव्हते. तेव्हा त्यांनी एकत्र जमून त्याच्यावर उक्खेपनीय कर्म केले, म्हणजे त्याला संघाच्या सहजीवनातून निलंबित केले.

या प्रसंगात एक भिक्खू आणि त्याच्याविरुद्ध एकवटलेला समुदाय आहे. कस्सपगोत्ताने काय करावे? तो चम्पा नगरीस, गग्गरा पुष्करिणीच्या तीरी, भगवंतांकडे गेला. सर्व वृत्तान्त ऐकून भगवंतांनी निर्णय दिला : हा दोषच नव्हे, केलेले निलंबन अधर्म्य आहे, ते टिकणारे नाही, तू वासभगामला जा आणि पूर्ववत तेथेच राहा. पुढे त्या आगंतुकांनाही पश्चात्ताप झाला व त्यांनी चम्पेस येऊन आपला अपराध कबूल केला.

या प्रसंगापासून विनयातील एक महत्त्वाचे वर्गीकरण सुरू होते. संघाची कर्मे, म्हणजे संघाने संघ म्हणून केलेली कृत्ये, कोणती वैध आणि कोणती अवैध? अधर्माने आणि वग्ग संघाने केलेले कर्म. अधर्माने परंतु समग्ग संघाने केलेले कर्म. धर्माचा केवळ आभास निर्माण करून वग्ग संघाने केलेले. तसाच आभास निर्माण करून समग्ग संघाने केलेले. धर्माने परंतु वग्ग संघाने केलेले. आणि धर्माने व समग्ग संघाने केलेले. ‘वग्ग’ म्हणजे अपुरा, फुटलेला. ‘समग्ग’ म्हणजे समग्र. या सहांपैकी केवळ शेवटचे कर्म वैध ठरते.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. अपुऱ्या संघाचे कर्म अवैध, हे कोणासही पटेल. परंतु विनय त्यापुढे जाऊन सांगतो की, सर्व उपस्थित असले, सर्वांचे एकमत असले, तरीही कर्म अधर्माने केले असेल तर ते अवैधच. एकमतानेही अधर्म हा धर्म होत नाही. अधर्म म्हणजे येथे केवळ अनीती नव्हे. विहित पद्धतीचा भंग हाही अधर्मच. विधिमंडळाचे अधिकार मर्यादित असतात आणि संविधानाशी विसंगत कायदा, तो कितीही मतांनी संमत झालेला असो, शून्यवत ठरतो, हे आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १३ चे तत्त्व येथे आठवल्याशिवाय राहत नाही. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तेरा न्यायाधीशांच्या पीठाने सात विरुद्ध सहा अशा मतांनी घटनादुरुस्तीच्या अधिकारालाही मूलभूत चौकटीची मर्यादा घातली. त्या निर्णयाचे मूळ विनयात आहे असे म्हणणे हास्यास्पद होईल. दोहोंनी एकाच प्रश्नाला तोंड दिले, एवढेच आम्हांस म्हणावयाचे आहे.

ञत्ति आणि कम्मवाचा

संघकर्माची रीत अशी. एक समर्थ भिक्खू संघाला उद्देशून विषयाची सूचना देतो. ही ‘ञत्ति’, म्हणजे ज्ञापन. हाच प्रस्ताव होय. त्यानंतर प्रस्तावित कृत्याची घोषणा होते; ज्यांस ते मान्य असेल त्यांनी मौन धरावे, ज्यांस मान्य नसेल त्यांनी बोलावे, असे आवाहन केले जाते. ही ‘कम्मवाचा’. एका ज्ञापनानंतर एक घोषणा झाली तर ते ञत्तिदुतिय कर्म. तीन घोषणा झाल्या तर ञत्तिचतुत्थ कर्म. उपसंपदेसारखी गंभीर कृत्ये दुसऱ्या प्रकाराने होतात. राध नावाच्या ब्राह्मणाच्या निमित्ताने त्रिशरणाने दिली जाणारी उपसंपदा बंद होऊन ञत्तिचतुत्थ कर्माची उपसंपदा सुरू झाली, असे महावग्ग सांगतो. संघात कोणास घ्यावे हा निर्णय त्यानंतर एकट्या आचार्याचा राहिला नाही, तो संघाचा झाला.

आधुनिक विधिमंडळात विधेयकाची तीन वाचने होतात, त्यांच्याशी या तीन घोषणांची तुलना केली जाते. तुलना उद्बोधक आहे, पण समान तत्त्व संख्येत नसून अवकाशात आहे. असहमत असलेल्या व्यक्तीला विचार करण्यास, धैर्य गोळा करण्यास आणि बोलण्यास तीनदा संधी मिळते. क्रमाचेही महत्त्व आहे. आधी घोषणा आणि मागाहून ज्ञापन, असा उलटा क्रम केल्यास ते कर्म ‘धम्मपतिरूपक’, म्हणजे धर्माचा आभास ठरते. निर्णय आधी जाहीर करून विषयपत्रिका मागाहून तयार करण्याची युक्ती आजचीच आहे असे कोणी समजू नये.

आणि विरोध किती मोठ्याने व्हावयास हवा? चम्पेय्यक्खन्धकातील उत्तर विलक्षण आहे. संघात ज्याचे स्थान निर्दोष आहे, जो त्याच सीमेत उपस्थित आहे, अशा भिक्खूने आपली असहमती निदान शेजारी बसलेल्या भिक्खूस कळविली, तरी तो विरोध ग्राह्य आहे. भित्र्याचा विरोधही विरोधच असतो, ही जाणीव या नियमामागे आहे.

गणपूर्ती आणि प्रतोद

संघाचे उपस्थितीनुसार वर्ग केलेले आहेत. चार भिक्खूंचा संघ उपसंपदा, पवारणा आणि अब्भान ही तीन सोडून इतर कर्मे करू शकतो. पाचांचा संघ पवारणाही करू शकतो, परंतु मध्यदेशात उपसंपदा देऊ शकत नाही. दहांचा संघ अब्भान, म्हणजे गंभीर दोषानंतर भिक्खूस पुन्हा संघात घेण्याचे कर्म, वगळता सर्व कर्मे करू शकतो. अब्भानास वीस भिक्खू लागतात. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १०० अन्वये संसदेच्या सभागृहाची गणपूर्ती एकूण सदस्यसंख्येच्या एक दशांश आहे व ती सर्व कामांस सारखीच आहे. विनयात मात्र कृत्य जितके गंभीर, तितकी संख्या मोठी.

हा नियम आंधळा नव्हता. सोण कुटिकण्णाची कथा प्रसिद्ध आहे. अवन्तीमध्ये भिक्खू इतके थोडे होते की, त्याच्या उपसंपदेसाठी दहा भिक्खू जमविण्यास महाकच्चानांना तीन वर्षे लागली. पुढे सोण भगवंतांच्या दर्शनास गेला तेव्हा त्याने ही अडचण आपल्या आचार्यांच्या वतीने निवेदन केली, आणि सीमावर्ती जनपदांत एका विनयधरासह पाच भिक्खूंनी उपसंपदा द्यावी अशी अनुज्ञा मिळाली. येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. अडचण होती म्हणून महाकच्चानांनी नियम मोडला नाही. तीन वर्षे वाट पाहिली. आणि नियमाचा जाच होतो हे कळल्यावर तो खुलेपणाने, सर्वांसाठी, बदलण्यात आला. नियम पाळणे आणि नियम सुधारणे यांतील हा संबंध म्हणजेच संविधाननिष्ठा.

‘गणपूरक’ या विनयातील शब्दाचे भाषांतर जायसवालांनी प्रतोद, म्हणजे व्हीप, असे केले. शब्दाचा सरळ अर्थ ‘गणाची संख्या पूर्ण करणारा’ एवढाच आहे. सदस्यांस सभेस हजर करणे या अर्थाने प्रतोद म्हणावयास हरकत नाही. परंतु आज प्रतोद म्हटले की पक्षादेश आठवतो, आणि १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या अनुसूचीनुसार त्या आदेशाविरुद्ध मतदान केल्यास सदस्यत्वही जाऊ शकते. या अर्थाचा प्रतोद विनयात नाही. उलट, स्वतःच्या दृष्टीस अनुसरून शलाका न घेणे हा तेथे मतदानाचा दोष मानला आहे. परिभाषेचे साम्य दिसले म्हणून तत्त्वाचेही साम्य आहे असे समजू नये, याचे हे उत्तम उदाहरण होय.

छन्द : अनुपस्थिताचा अधिकार

समग्ग संघाची व्याख्या तीन अंगांची आहे. त्या कर्मास पात्र असलेले सर्व भिक्खू आलेले असावेत. ज्यांना येणे शक्य नाही त्यांचा छन्द, म्हणजे संमती, आणलेली असावी. आणि उपस्थितांपैकी कोणी निषेध केलेला नसावा.

‘छन्द’ या शब्दाकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. आजारी भिक्खूने आपली संमती दुसऱ्याकरवी पाठवावी. ती पाठविता येत नसेल, तर त्याला मंचकासह सभास्थानी आणावे. हलविल्याने आजार बळावणार असेल, तर संघानेच त्याच्याकडे जावे आणि तेथे कर्म करावे. पण अपुऱ्या संघाने कर्म करू नये. एका रुग्णासाठी संपूर्ण संघ उठून त्याच्या शय्येपाशी जातो, ही कल्पना आम्हांस कोणत्याही शब्दकोशातील ‘समता’ या शब्दाच्या अर्थापेक्षा अधिक बोलकी वाटते. गग्ग नावाच्या विक्षिप्तचित्त भिक्खूविषयीही असेच. उपोसथ त्याच्या कधी ध्यानात राही, कधी राहत नसे. त्याला परस्पर वगळले नाही. त्याच्यासह किंवा त्याच्याविना संघास कर्म करता यावे यासाठी रीतसर ञत्तिदुतिय कर्माने संमती घेतली गेली. एका दुर्बल व्यक्तीची अनुपस्थितीसुद्धा ठरावाशिवाय गृहीत धरलेली नाही.

याच न्यायाने सभात्यागावर बंधन आहे. संघात एखाद्या प्रश्नाचा निर्णय चालू असता छन्द न देता उठून जाणे हे ऐंशीव्या पाचित्तियात दोष ठरविले आहे. आणि धर्म्य कर्मास छन्द देऊन मागाहून कुरकुर करणे हे एकोणऐंशीव्यात. विरोध करावयाचा तर सभेत करावा.

सम्मुखविनय आणि शलाका

अधिकरणे, म्हणजे संघापुढे येणारे वाद, चार प्रकारची आहेत : धर्म काय व विनय काय यासंबंधीचा विवाद, एखाद्यावरील आरोप, आपत्ती, म्हणजे घडलेला दोष, आणि संघकृत्यासंबंधीचा प्रश्न. त्यांच्या शमनाचे सात उपाय आहेत व त्यांतील ‘सम्मुखविनय’ हा सर्वत्र आवश्यक आहे. छब्बग्गिय भिक्खू गैरहजर भिक्खूंवर कर्मे करीत, तेव्हा हा नियम झाला. संघाची सम्मुखता, धर्माची, विनयाची आणि ज्याच्यासंबंधी प्रश्न आहे त्या व्यक्तीची सम्मुखता असल्याखेरीज निर्णय नाही. आरोपिताचे ऐकून घेतल्याविना त्याला दंड देऊ नये, या नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वाचे हे स्पष्ट रूप आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात अनुच्छेद २१ मधील कार्यपद्धती न्याय्य व वाजवी असली पाहिजे असे म्हटले, त्याचा आशय याहून फारसा दूर नाही.

सात उपायांपैकी बहुमताचा उपाय ‘येभुय्यसिका’ हा एकच, आणि तो केवळ पहिल्या प्रकारच्या वादास लागू आहे. एखादा भिक्खू दोषी आहे की नाही, हे शलाका वाटून ठरविता येत नाही. व्यक्तीचा दोष हा मतगणनेचा विषयच नव्हे. आमच्या मते बाबासाहेबांनी ज्या कार्यपद्धतीकडे बोट दाखविले, तिच्यातील हे सर्वांत मोलाचे तत्त्व आहे.

शलाका म्हणजे काडी. तिच्याद्वारे मत नोंदविले जाई. शलाका देणारा ‘सलाकागाहापक’ संघाने नेमावयाचा असून त्याच्या अंगी पाच गुण हवेत : तो आवडीने, द्वेषाने, मोहाने किंवा भयाने वाट न सोडणारा असावा, आणि कोणाची शलाका घेतली, कोणाची नाही, याची जाण असणारा असावा. मतदान गुप्त, कानात सांगून किंवा उघड अशा तीन रीतींनी होते. क्षुल्लक कारणासाठी, अथवा संघ फुटेल असे दिसत असता, मतदान घेणे अधर्म्य आहे. शलाकेचा दुरुपयोग कसा होतो हे संघाने अनुभवले होते. देवदत्ताने आपल्या पाच मागण्यांसाठी शलाका घ्यावयास लावून नवदीक्षित पाचशे वज्जिपुत्त भिक्खूंना फोडले, ही कथा चुल्लवग्गातच आहे.

येथे एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. गुप्त मतदानात अधर्मवाद्यांची संख्या अधिक दिसली, तर शलाका नीट घेतल्या गेल्या नाहीत असे म्हणून मतदान पुन्हा घ्यावे, असा अधिकार सलाकागाहापकास आहे. आजच्या निवडणूक अधिकाऱ्याने असे केले तर त्याला आपण बेईमान म्हणू, आणि ते योग्यच होईल. विनयाच्या दृष्टीने धर्म काय हे बुद्धवचनाने आधीच निश्चित आहे. मतदान सत्य ठरविण्यासाठी नसून वाद मिटविण्यासाठी आहे. लोकशाहीत मात्र नागरिकांचे मत मोजणारा त्या मताचा न्यायाधीश होऊ शकत नाही. घटनाबाह्य काय, हे ठरविण्याचे काम आपण स्वतंत्र न्यायालयाकडे सोपविले, ते याचसाठी. संघ ही संसद होती हे म्हणताना हा भेद झाकून ठेवल्यास आपण बाबासाहेबांचा गौरव करीत नाही.

बहुमताऐवजी दुसरा मार्ग म्हणजे ‘उब्बाहिका’, निवडक समिती. महापरिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वैशालीस दहा वस्तूंचा वाद उपस्थित झाला. चर्चेला अंत दिसेना, तेव्हा पूर्वेकडील चार व पश्चिमेकडील चार अशा आठ स्थविरांची समिती नेमली गेली. सब्बकामी, रेवत, यस काकण्डकपुत्त हे तिचे सदस्य होते. अजित नावाच्या भिक्खूस आसने मांडण्याच्या कामी संघाने नेमले. बाबासाहेबांच्या यादीतील आसनव्यवस्था ती हीच. वाळुकारामात समितीने दहाही वस्तूंचा निर्णय दिला आणि तो पुढे सातशे भिक्खूंच्या संघापुढे पुन्हा सांगितला गेला. समितीचे काम एकांतात झाले, तरी ते मूळ सभेपुढे उघड करावे लागले.

रीतसर मिटलेला वाद पुन्हा उकरून काढणे हा त्रेसष्टाव्या पाचित्तियाचा दोष आहे. हाच पूर्वन्याय. मात्र त्याची अट ‘यथाधर्म’ मिटलेला अशी आहे. अन्यायाने मिटविलेल्या वादाला अंतिमतेचे कवच मिळत नाही. कस्सपगोत्ताला न्याय मिळाला तो या अटीमुळेच.

मर्यादांची नोंद

संघाची तुलना संसदेशी करताना आणखी काही मर्यादा मान्य केल्या पाहिजेत. संघ कायदे करीत नव्हता. शिक्षापदे घालून देण्याचा अधिकार भगवंतांचाच होता. राजगृहाच्या संगीतीत क्षुद्रानुक्षुद्र शिक्षापदांचा प्रश्न निघाला तेव्हा महाकस्सपांनी रीतसर ञत्ति मांडली आणि संघाने ठरविले की, न घातलेला नियम घालू नये व घातलेला मोडू नये. विधिमंडळ इतके स्थितिशील असू शकत नाही. संघात प्रतिनिधी नव्हते. प्रत्येक भिक्खू स्वतःच सदस्य होता. प्रवेशावरही बंधने होती. दास, ऋणी आणि राजाचे सैनिक यांना प्रव्रज्या देण्यास मनाई होती; राजसत्तेशी व समाजव्यवस्थेशी केलेली ती तडजोड होती. भिक्खुणींवरील आठ गरुधम्मांचे समर्थन संविधानाच्या अनुच्छेद १४ व १५ पुढे करता येणार नाही. बाबासाहेबांनी परंपरेतून काय घ्यावे याची निवड केली. आपणही डोळे उघडे ठेवूनच घेतले पाहिजे.

परंतु एका गोष्टीत संघाने काळाच्या फार पुढे पाऊल टाकले होते. भगवंतांनी उत्तराधिकारी नेमला नाही. मज्झिमनिकायातील गोपकमोग्गल्लान सुत्तात हाच वस्सकार आनंदांना विचारतो की, नेमलेला नायक नसता तुमच्यात एकोपा कसा राहतो? आनंदांचे उत्तर असे की, आम्ही निराश्रित नाही, धर्म हा आमचा आश्रय आहे. उपोसथाच्या दिवशी कोणाकडून दोष घडल्याचे निघाले, तर त्याच्याकडून प्रायश्चित्त करविणारे आम्ही नसतो, धर्म करवितो. राजाच्या मंत्र्याला हे उत्तर कसे वाटले असेल? माणसांचे राज्य नव्हे, नियमाचे राज्य, ही कल्पना याहून कमी शब्दांत मांडणे कठीण आहे.

उपसंहार

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी ग्रोट या इतिहासकाराच्या आधारे सांविधानिक नीतिमत्तेचा विचार मांडला होता. ती मनुष्यस्वभावात उपजत नसते, ती रुजवावी लागते, असे त्यांनी बजावले. वर्षभराने, समारोपाच्या भाषणात, त्यांनी व्यक्तिपूजेचा धोका सांगितला आणि सामाजिक लोकशाहीविना राजकीय लोकशाही टिकणार नाही असा इशारा दिला. भिक्खुसंघाचा उल्लेख याच भाषणात यावा, हा योगायोग आम्ही मानत नाही. पूर्वजांच्या कीर्तीसाठी तो उल्लेख आलेला नाही. ही नीतिमत्ता या भूमीत एकदा रुजली होती, ती पुन्हा रुजविता येईल, हे दाखविण्यासाठी आला आहे.

मग तिची मशागत कोठे करावयाची? संसद दूर आहे. विहार जवळ आहे. आपल्या विहार समित्या, विश्वस्त मंडळे, शिक्षण संस्था, महिला मंडळे यांच्या सभांची सूचना सर्वांना वेळेवर जाते काय? गणपूर्ती प्रत्यक्ष होते की सह्यांच्या वहीत होते? ज्याच्यावर आक्षेप आहे त्याला समोर बोलावून ऐकून घेतले जाते काय? शेजाऱ्याच्या कानात कुजबुजलेला विरोध अध्यक्षापर्यंत पोहोचतो काय? ठराव आधी आणि सभा मागाहून, असे तर होत नाही ना? हे प्रश्न क्षुल्लक वाटतील. परंतु कस्सपगोत्ताचे प्रकरणही यागू आणि भोजनाच्या क्षुल्लक कारणावरूनच सुरू झाले होते. आणि त्यातूनच, एकवटलेल्या समुदायापुढेही एका व्यक्तीचा हक्क टिकतो, हा सिद्धान्त उभा राहिला.

शेवटी एका नावाचे स्मरण करतो. राजगृहाच्या संगीतीत विनयाचे प्रश्न ज्यांना विचारले गेले ते उपाली शाक्यांचे न्हावी होते. शाक्यकुमारांनी आपला अभिमान गळावा म्हणून त्यांना आपल्या आधी प्रव्रज्या देण्याची विनंती केली आणि ज्येष्ठत्वाने त्यांना वंदन केले, असे चुल्लवग्ग सांगतो. संघाच्या कायद्याचा सर्वश्रेष्ठ जाणकार एक न्हावी होता. भारतीय संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष कोण होते, हे आमच्या वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही. विद्वत्तेचा आणि अधिकाराचा जन्माशी संबंध नाही, हे दोन्ही वेळा सिद्ध झाले. आता सभेत, प्रत्येक सभेत, ते पाळून दाखविण्याची जबाबदारी आपली आहे.